लेकरू झोपलं की आईनं काय करावं?

जून २०२१. दुसरी लाट ओसरतेय, पण अंगणवाड्या मार्च २०२० पासून बंदच आहेत. यावेळी आलेली बहुतेक पत्रं लहान लेकरांच्या आयांची आहेत. सगळ्या आधी लेकराचं लिहितात आणि स्वतःचं शेवटच्या दोन ओळींत. मी त्या शेवटच्या ओळींनाच उत्तरं देतेय.

प्रश्न (लातूर) : बाळ चार महिन्यांचं, अंगावर पितं. मी कोरोनाची लस घेऊ का? घरचे म्हणतात, दोन दिवस पाजू नको.

जरूर घ्या. स्तनदा मातांना लस देण्याचा निर्णय केंद्र सरकारनं १९ मे रोजी जाहीर केला. पाजणं एक वेळही थांबवायचं नाही. उद्या तुम्हाला कोरोना झालाच, तरी मास्क लावून, साबणानं हात धुऊन पाजता येतं.

प्रश्न (परभणी) : पाच आणि दोन वर्षांची लेकरं. नवरा घरूनच काम करतो, सासूबाईही आहेत. तरी दिवसभर टेकायला मिळत नाही. दुपारी आडवी झाले तर चोरी केल्यासारखं वाटतं.

ताई, रात्री तीनदा उठणाऱ्या बाईला ती झोप दिवसा भरून काढावीच लागते. 'वेळ मिळाला की पडते' म्हणाल तर तो मिळायचा नाही. लेकरू झोपलं की लगेच भांडी दिसतात. म्हणून तास ठरवा. दुपारी दोन ते तीन लेकरं बापाकडे. मिटिंग आली तर तास पुढं-मागं करा, पण सोडू नका. आणि हे सासूबाईंना तुमच्या नवऱ्यानंच सांगावं. सून बोलली की ती कुरकुर ठरते, हे मी घरोघरी पाहिलंय.

दुसरं म्हणजे जेवण. सगळ्यांना गरम वाढून तुम्ही शेवटी बसता, तोवर डाळ-भाजी संपलेली असते. गार भाकरी आणि चटणीवर भागवता. भाकरी आधी करून दुरडीत झाकून ठेवा आणि निदान एक वेळ सगळ्यांसोबत बसा.

प्रश्न (अंबाजोगाई) : बाळंत होऊन तीन महिने झाले. बाळ झोपलं तरी मला झोप नाही, सारखं रडू येतं. मी नसले तर बाळाचं बरं होईल, असं मनात येतं. सासूबाई म्हणतात, आम्ही काय लेकरं वाढवली नाहीत?

तुम्ही हे लिहिलंत, फार बरं केलंत. बाळंतपणानंतर आठ-दहा दिवस रडू येणं नेहमीचं आहे. दोन आठवड्यांच्या पुढं गेलं तर तो आजार असतो, आणि तो उपचारानं बरा होतो. तुम्ही वाईट आई नाही. अंगावर पाजत असताना चालणारी औषधंही आहेत.

पण थांबू नका. आजच नवऱ्याला किंवा आईला हे पत्र जसंच्या तसं वाचून दाखवा आणि कोणाला तरी सोबत घेऊन तुमच्याच गावातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागात जा. तोवर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, फोन मोफत (२०२१ साली ती 'किरण' होती; आता 'टेलि-मानस' : १४४१६). तो विचार जोर धरू लागला तर एकट्या राहू नका, बाळ दुसऱ्याकडे द्या आणि लगेच दवाखाना गाठा. सासूबाईंनी लेकरं वाढवली हे खरंच आहे. पण तेव्हा बाळंतीण माहेरी राहायची, शेजारपाजारच्या बायका येऊन बसायच्या. तुमच्या वाट्याला बंद दार आलं.

प्रश्न (जालना) : चक्कर येते, केस गळतात. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घेऊ का?

घ्या, बाळंतपणानंतर १८० दिवस, रोज एक. जेवणानंतर घ्या, चहासोबत नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यातलं केस गळणं आपोआप थांबतं. चक्कर मात्र अंगावर काढू नका, हिमोग्लोबिन तपासून घ्या.