बटण-स्टार्ट गाडीची इलेक्ट्रॉनिक चोरी कशी टाळावी?

चावी घरात आणि गाडी दारातून गायब, असं होतं ते बहुधा रिले पद्धतीने. एक चोर घराच्या दाराशी अँटेना धरून चावीचा सिग्नल उचलतो, दुसरा तो गाडीपाशी पोचवतो. गाडीला वाटतं मालकच आला. म्हणून चावी सिग्नल अडवणाऱ्या फॅराडे पाऊचमध्ये ठेवा. स्पेअर चावीसुद्धा, नेमकी तीच विसरली जाते! पाऊचमध्ये चावी घालून गाडीशेजारी उभं राहून बघा. दार उघडलं तर पाऊच कुचकामी. काही गाड्यांत कीलेस एंट्री (चावी खिशातच ठेवून दार उघडण्याची सोय) बंदही करता येते, मॅन्युअल चाळा.

पण पाऊचने सगळं भागत नाही. हल्ली काही चोर हेडलाइटमागच्या वायरी गाठून थेट कॅन बसवर, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या अंतर्गत जाळ्यावर, खोटे संदेश सोडतात. तिथे तुमच्या चावीचा संबंधच येत नाही. ओबीडी पोर्टमधून (मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो ते सॉकेट) नवी चावी प्रोग्राम करतात, ते वेगळंच. इथे मला जुना उपायच जास्त पटतो: स्टिअरिंगला जाडजूड लॉक. सॉफ्टवेअरने ते उघडत नाही, आणि काचेतून दिसतं म्हणून चोर दुसरी गाडी शोधण्याची शक्यता वाढते. पिन टाकल्याशिवाय गाडी सुरू न होऊ देणारा इमोबिलायझर बसवता आला तर उत्तमच, फक्त वॉरंटीचं आधी विचारून घ्या.