एका पाकिटात दोन घरं

"मॅडम, बाबांना जाऊन आठ महिने झाले. त्यांचं निस्तरता निस्तरता माझंच घर विस्कटलंय."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्याने 'निस्तरता' म्हटलं की पुढचं मला आपोआप ऐकू येतं. कधी बाबांच्या जागी आई असते, कधी आठऐवजी अठरा महिने. पगार तोच असतो, खर्च फार वाढल्याचं दिसत नाही, तरी महिनाअखेर हाताशी काही उरत नाही. मी समुपदेशक. बरेच जण माझ्याकडे येतात ते कुणीतरी ढकललं म्हणून. त्यांना खरं तर चांगला वकील किंवा सीए हवा असतो. तो लागतोच. पण वकिलाकडे जायला पाय का उचलत नाही, हे वकील सांगू शकत नाही. म्हणून ही एक गोष्ट लिहितेय, त्या व्यक्तीच्या परवानगीने आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

घरातल्या त्या थोरल्या. वय चव्वेचाळीस. आई आधीच गेलेली, वडील शेवटपर्यंत एकटे राहिलेले, धाकटा भाऊ दूर नोकरीला. आणि गंमत अशी की बाई एका कंपनीत अकाउंट्स सांभाळतात. वीस वर्षं दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवणाऱ्या या बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं की त्यांच्या क्रेडिट कार्डाचा पूर्ण भरणा चार महिने झालेला नाही, मुलीच्या शिक्षणासाठीची दरमहाची बचत थांबली आहे, आणि नवरा बोलत काही नाही पण कार्डाचं स्टेटमेंट आलं की न उघडता त्यांच्या पुढ्यात ठेवतो.

"न उघडता?"

"हो. ओरडला असता तर बरं झालं असतं."

वडिलांचं रिकामं घर त्या चालवत होत्या. त्याचा मेंटेनन्स, वीज, कर, विमा, देखभालीला येणाऱ्या बाईंचा पगार, शिवाय वडिलांनी डागडुजीसाठी काढलेल्या छोट्या कर्जाचा हप्ता. सगळं यांच्या पगारातून. वडिलांचे स्वतःचे पैसे बँकेत पडून होते. मुदत ठेवीला नॉमिनी म्हणून नाव यांचंच. मृत्यूचा दाखला हाताशी असूनही आठ महिन्यांत बँकेत अर्ज गेला नव्हता.

इथे मी चूक केली, ती सांगायला हवी. मला वाटलं, हिशेबातली बाई आहे, हिशेबानेच वाट सापडेल. मी त्यांना दोन घरांच्या खर्चाचा तक्ता करायला दिला. पुढच्या भेटीला त्या तक्ता न करता आल्या. त्याच्या पुढच्या भेटीला आल्या त्या एक जाडजूड कापडी पिशवी घेऊन. आत वडिलांच्या नावाने आलेली पाकिटं, सगळी बंद. पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली नाही, मांडीवर धरून बसल्या, तान्हं मूल धरावं तशी. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या माणसाला पाकीट फोडता येत नाही त्याला मी रकाने आखायला सांगत होते.

पिशवीचा विषय मी काढला नाही. सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबांच्या घरासाठी तुमच्याकडून जातं ते कुठे लिहून ठेवता का?"

त्या ताठ झाल्या. "बाबांसाठी केलेल्याचा हिशेब ठेवायचा? आम्हाला वाढवताना त्यांनी ठेवला होता?"

"नव्हता ठेवला?"

खरं सांगते, यात माझी काही चतुराई नव्हती. मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. पण त्या एकदम हसल्या. "बाबा? अहो, त्यांच्या डायऱ्यांनी एक कपाट भरलंय. माझी फी, धाकट्याचे बूट, आजीची औषधं, काकांना दिलेले हातउसने. तारखेसकट. आजीच्या औषधांचा अर्धा भाग काकांकडून आला तो दिवससुद्धा लिहिलाय."

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसायला शिकायला मला दहा वर्षं लागली. हसू ओसरलं, आणि त्या बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिल्या. मग डोळ्यांतून पाणी. आठ महिन्यांत पहिल्यांदा, असं त्यांनी नंतर सांगितलं.

मी एक कोरा कागद पुढे केला. "बाबांच्या मागे तुम्ही स्वतःला घालून घेतलेला नियम एका वाक्यात लिहा."

त्यांनी लिहिलं: 'बाबांचं सगळं मीच, माझ्याच पैशातून, कुणाला न सांगताच केलं पाहिजे.'

माझा पाया अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा. १९५५ च्या सुमारास त्यांनी ती मांडायला घेतली. माणसाला परिस्थितीपेक्षा तिच्याबद्दलचे त्याचे स्वतःचे हटवादी हुकूम जास्त छळतात, हे त्या पद्धतीचं सार. हा हट्ट मांडायला इंग्रजीला 'मस्ट' हा एक अख्खा शब्द लागतो, आपल्या भाषेत तो एका अक्षरात मावतो: च. एलिसना मराठी येत असतं तर त्यांचं निम्मं काम सोपं झालं असतं, असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते.

"यात च किती आहेत?"

त्यांनी मोजले. "तीन."

"खोडा आणि मोठ्याने वाचा."

'बाबांचं सगळं मी, माझ्या पैशातून, कुणाला न सांगता केलं पाहिजे.' वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे विचित्र वाटतंय. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर मी त्याला धारेवर धरलं असतं. बाबांचे पैसे पडून, वारस दोन, आणि एकीच्या पगारातून खर्च."

"आणि च होते तोवर?"

"तोवर व्रत वाटत होतं."

इतकं स्वच्छ उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही.

पण च खोडला म्हणून तो मनातून जातो असं नाही. तो तिथे का रुजला हे पाहावं लागतं. पुढच्या भेटीत मी विचारलं, ठेवीचा अर्ज भरला तर सगळ्यात वाईट काय होईल? खूप वेळाने उत्तर आलं. "खातं बंद होईल. बंद झालं की बाबांच्या नावाने काहीच येणार नाही. पाकीटसुद्धा."

या एका उत्तराने माझ्याकडच्या कितीतरी जुन्या केसेस मला नव्याने कळल्या. आपण म्हणतो, लोक आळस करतात, टाळतात. ते टाळत नसतात, राखत असतात. जोवर खातं चालू आहे तोवर माणूस पुरता गेलेला नाही. रिकाम्या घराचं वीजबिल भरणं म्हणजे तिथे अजून कुणीतरी राहतं असं म्हणणं. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर, ज्यांना २०१७ साली नोबेल मिळालं, त्यांनी दाखवलं की आपण पैशाला मनातल्या मनात वेगवेगळे कप्पे करतो: हा फिरायला जायचा, हा अडीअडचणीचा. माझा अनुभव असा की शोकातल्या माणसाला गेलेल्याच्या खर्चासाठी कप्पाच करवत नाही. मग तो खर्च स्वतःच्या किराण्याच्या, फीच्या कप्प्यातून गुपचूप जात राहतो. एका पाकिटात दोन घरं राहू लागतात, आणि त्यातलं एक भाडं देत नाही.

म्हणून आमच्या कामाची पहिली पायरी म्हणजे एक साधी वही. तिच्यावर त्यांनी वडिलांचं नाव घातलं. त्या घरासाठी स्वतःच्या खिशातून जाईल ते तारखेसह 'येणे' म्हणून लिहायचं, पावती मागच्या पानाला लावायची. वडिलांची मालमत्ता सुटी झाली की आधी देणी भागवायची, मग हे येणे वळतं करायचं, आणि उरेल ते वारसांत. हा क्रम मी बनवलेला नाही, जगाची रीतच ती आहे. गेलेल्या माणसाचं कर्ज त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून फिटतं. स्वतः जामीन राहिला नसाल किंवा कर्जदार म्हणून सही केली नसेल, तर वाट्याला येईल त्यापलीकडे आपल्या पगारातून ते फेडायचं बंधन वारसावर सहसा नसतं. बाई आठ महिने हप्ता भरत होत्या आणि हा प्रश्न त्यांनी कुणालाच विचारला नव्हता.

दुसरी पायरी वेळेची. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ साली एक मांडणी केली, ती मला फार पटते. दुःखातला माणूस कधी गेलेल्याकडे वळतो, कधी पुढच्या कामांकडे, आणि हे हेलकावे हीच निरोगी चाल आहे. नुसतं रडत राहणं जसं थकवतं तसं नुसतं फॉर्म भरत राहणंही. आम्ही शनिवारचा सकाळचा एक तास ठरवला. गजर लावायचा, पिशवी उघडायची, गजर झाला की मिटायची. पाकीट अर्धवट वाचलं असलं तरी. एरवी कुणी बाबांच्या कागदांचं विचारलं तर उत्तर एकच: शनिवारी.

पहिल्या शनिवारी पाच पाकिटं फुटली. त्यातलं एक घराच्या विम्याचं निघालं. मुदत वीस दिवसांवर आलेली आणि हप्ता वडिलांच्या गोठलेल्या खात्यातून जाण्याची सूचना होती, म्हणजे तो जाणार नव्हता. त्यामुळे क्रम विचारणाऱ्यांना मी आता हेच सांगते की आधी गळती बंद करा, वाटणी नंतर. खात्यातून आपोआप जाणारे हप्ते आणि वर्गण्या कोणत्या ते पाहा. पेन्शन देणाऱ्यांना कळवा, नाहीतर जास्तीची आलेली रक्कम परत करावी लागते. मृत्यूच्या दाखल्याच्या भरपूर प्रती आधीच काढून ठेवा. त्यांचा मोबाईल नंबर घाईने बंद करू नका, कितीतरी ठिकाणचे ओटीपी त्यावरच येतात. पण एटीएमचा पिन ठाऊक आहे म्हणून कार्ड वापरून पैसे काढू नका. हेतू कितीही शुद्ध असला तरी ते पैसे आता एकट्याचे नसतात, आणि पुढे बँकेसमोर आणि भावंडांसमोर उत्तर देणं अवघड होतं. करपत्रकही मनात असू द्या. मृत्यूच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न गेलेल्याच्या नावे दाखवायचं असतं. घर विकणं, कुणाला मोठी रक्कम देऊन टाकणं असले निर्णय मात्र पहिल्या वर्षात टाळता आले तर टाळावेत.

राहिला भाऊ. त्याच्याबद्दल बाईंच्या मनात अढी होती. "फोन केला की म्हणतो, ताई, तू बघतेयस ना, मग झालं. एकदासुद्धा विचारलं नाही, पैसे लागतात का म्हणून."

"त्याला माहीत आहे का?"

"माहीत नसायला काय झालं?"

वही घेऊन त्यांनी फोन केला. आधी आम्ही इथे दोनदा सराव केला: आरोप नाही, रकमा वाचायच्या आणि थांबायचं. भाऊ ऐकत राहिला आणि म्हणाला, "ताई, मला वाटलं तू बाबांच्या पैशातून करतेयस. नॉमिनी तूच आहेस ना? मला वाटलं ते तुझेच झाले, आपण कशाला विचारायचं."

बघा म्हणजे. ही समजत होती की भावाला फिकीर नाही, तो समजत होता की बहिणीला सगळं मिळालंय. दोघंही दुखावलेले, आणि दोघंही चांगुलपणाने गप्प. नॉमिनी या एका शब्दाने किती घरांत अशा भिंती उभ्या राहिलेल्या मी पाहिल्यात! नॉमिनी म्हणजे सहसा पैसे स्वीकारणारा हात. मालकी मृत्युपत्राप्रमाणे, ते नसेल तर वारसाहक्काप्रमाणे ठरते. हे दोघांना कळल्यावर ठेवीचा अर्ज दोन आठवड्यांत गेला. भावाने हप्त्याचा भार तोवर निम्मा उचलला. मी काही भावाशी एक शब्दही बोलले नव्हते, हे मुद्दाम सांगते.

नवऱ्याचं मात्र इतक्या सहज सुटलं नाही. त्याने वही पाहिली, पाने उलटली आणि विचारलं, "हे मला का नाही सांगितलंस?" त्या प्रश्नावर आम्ही अजून तीन भेटी काम केलं, त्यातल्या एकीला तो स्वतः आला. घरातला ताण पैशाचा कमी आणि वगळलं गेल्याचा जास्त असतो. कार्डाची थकबाकी संपायला पुढे सात महिने लागले. मुलीची बचत त्यांनी त्याआधीच, अगदी लहान रकमेपासून, पुन्हा सुरू केली होती.

शेवटच्या भेटीला त्या वही घेऊन आल्या. ठेव मिळाली होती, कर्ज फिटलं होतं, येणे वळतं झालं होतं, प्रत्येक पानाखाली भावाची आणि त्यांची सही. वडिलांच्या डायरीसारखंच अक्षर लहान आणि सरळ. मी पानं चाळत गेले. शेवटच्या पानावर एक नोंद अशी होती जिच्यापुढे येण्याचा रकाना कोरा होता.

"हे काय?"

"बाबांच्या मोबाईलचा रिचार्ज. ओटीपीचं काम आता संपलंय तसं." त्या थोड्या ओशाळल्या. "अजून वर्षभर करणार आहे. माझ्या पैशातून."

"भावाला सांगितलंत?"

"सांगितलं. तो म्हणाला, त्यानंतरचं वर्ष मी करतो."