बायपासनंतरचं ताट आणि ग्लास

वजन उतरवायचं पोटाचं बायपास ऑपरेशन झालं, आता जेवणाचा क्रम बदल. छोट्या वाटीत घट्ट वरण, पनीर किंवा अंडं पहिल्यांदा. भात शेवटी, जागा उरली तरच. दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिनं जायलाच हवीत. जेवताना पाणी नको, नंतरही अर्धा तास थांब. ठाण्याच्या तलावपाळीवर फिरायला जरूर जा, पण फालुदा टाळ. बायपासनंतर साखर झपाट्याने आतड्यात उतरते. घाम, धडधड, जुलाब, सगळं एकदम. बी-12, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या कायमच्या.

दारूचं मात्र नीट ऐक. ती आता रक्तात भरभर चढते आणि उतरायला वेळ घेते. पहिलं वर्ष थेंबही नको. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. तुझ्या बाबतीत एका पेगातच ती ओलांडली जाईल. म्हणून येऊरच्या पार्टीला गेलास तर गाडी घेऊन जाऊच नकोस.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्या वर्षाची. वजन उतरलेलं असतं, लोक कौतुक करतात, खाण्याचं सुख मात्र आटलेलं असतं, आणि ती जागा ग्लास घेतो. व्यसनाचा धोका त्याच सुमारास वाढतो. हात वारंवार तिकडे वळायला लागला तर लाजू नकोस रे, डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांग.