बाळ ३२ व्या आठवड्यात झालंय, व्हिटॅमिन डी १४ आलंय, जीन टेस्ट करावी का?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाळ ३२ व्या आठवड्यात झालं, एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) घरी आलं, आता रक्तातलं व्हिटॅमिन डी १४, म्हणजे कमी, आलंय आणि नणंदेने नेटवर वाचून सांगितलं की हे आनुवंशिक असतं, जीन टेस्ट करून घ्या. मी नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे, कमी दिवसांची बाळं रोज हाताळते, म्हणून लिहितेय. माझ्या मते आत्ता त्या टेस्टवर पैसे घालू नका.

कारण १४ का आलं याचं उत्तर बहुतेक वेळा साधंच असतं. बाळाकडे जन्मताना जे डी असतं ते सगळं आईकडून वारेतून आलेलं असतं, म्हणजे आईचं कमी असेल तर बाळाचं त्याहून कमी, आणि आपल्याकडे भर उन्हाच्या देशातही गरोदर बायकांचं डी सर्रास कमी निघतं. त्यात हाडांसाठी लागणारं कॅल्शियम-फॉस्फरस, त्यातलं साधारण ८० टक्के बाळाला शेवटच्या तीन महिन्यांत मिळतं आणि तुमच्या बाळाचे त्यातले जवळजवळ दोन महिने हुकलेत. आईच्या दुधातही डी नावापुरतंच असतं. म्हणून दूध बंद करायचं नाही हं, कमी दिवसांच्या बाळाला त्या दुधासारखं दुसरं काही नाही, फक्त डी वरून द्यायचं.

आता जीन्सचं. नणंदबाई अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. डी शरीरात नुसतं जाऊन भागत नाही, आधी लिव्हर मग किडनी त्याला कामाचं बनवते, रक्तात ते वाहून न्यायला एक प्रोटीन लागतं आणि पेशीत त्याला पकडून घेणारा व्हीडीआर नावाचा रिसेप्टर लागतो. या प्रत्येकाचा जीन वेगळा आणि त्यात माणसामाणसांत थोडाथोडा फरक असतो. व्हीडीआरमधल्या फॉक-वन वगैरे फरकांचा अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुफ्फुसांच्या त्रासाशी संबंध आहे का यावर अभ्यास झालेत, पण बहुतेक थोड्या बाळांवरचे आणि निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. आणि मुख्य म्हणजे असा फरक रिपोर्टमध्ये निघाला तरी डॉक्टर डोस तोच देणार, मग कळून उपयोग काय?

जीन टेस्टची खरी गरज पडते ती वेगळ्या ठिकाणी. सीवायपी२४ए१ नावाचा जीन जास्तीचं डी मोडून टाकायचं काम करतो. क्वचित एखाद्या बाळात तो बिघडलेला असतो आणि मग नेहमीच्या थेंबांनीसुद्धा रक्तातलं कॅल्शियम चढतं, बाळ ओकतं, सुकतं, वजन घेत नाही, किडनीत कॅल्शियम साठतं. २०११ मध्ये हे नीट उलगडलं. किंवा उलट, नीट डोस देऊनही मुडदूस हटतच नाही, घरात आणखी कुणाला तसंच आहे, तर डॉक्टर स्वतःच जीन टेस्ट सांगतात. तुमच्या लिहिण्यात यातलं काहीच नाहीये.

तुम्ही लक्ष द्या ते थेंबांच्या बाटलीवर, कारण घोळ तिथेच होतो. बाजारात एका एमएलमध्ये ४०० युनिटवालेही ड्रॉप्स आहेत आणि ८०० वालेही, दुकानदाराने कंपनी बदलून दिली की माप तेच राहतं आणि डोस दुप्पट नाहीतर निम्मा होतो. त्यामुळे बाटली घेतली की लेबल वाचायचं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला रोज ४०० युनिटचा आहे, खूप कमी वजनाच्या बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये ४०० ते १००० सांगितलं होतं, तेव्हा तुमच्या बाळाला किती ते तुमचे डॉक्टरच ठरवणार. दिल्लीच्या एम्समध्ये ४०० आणि ८०० ची तुलना झाली होती, २०१४ मध्ये छापून आली, ८०० वाल्या बाळांत डी कमी राहण्याचं प्रमाण घटलं पण हाडांच्या घनतेत फरक दिसला नाही. म्हणजे जास्त दिलं की जास्त चांगलं, असं सरळ गणित नाही. आणि मोठ्यांची ती ६०,००० ची पुडी, तिच्यात ४०० च्या हिशोबाने १५० दिवसांचा डोस असतो, कुणी कितीही सांगितलं तरी ती बाळाच्या तोंडात घालू नका.

घरी सासूबाई कोवळ्या उन्हात ठेवा म्हणत असतील. मायेने म्हणतात, पण सकाळच्या कोवळ्या उन्हात डी बनवणारे किरण फारच कमी असतात, खिडकीच्या काचेतून तर जवळजवळ येतच नाहीत, आणि एवढंसं बाळ उघडं ठेवलं तर गार पडतं. छातीशी धरून, कांगारू पद्धतीने ऊब द्या, डी थेंबांतूनच जाऊ दे.

पुढच्या फॉलोअपला रक्तातलं फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज बघायचंय का ते विचारा, हाडं कशी भरतायत ते त्यावरून कळतं. ड्रॉप्सची बाटली सोबत न्या. आणि तुमचं स्वतःचं डी कुणी तपासलंय का? नसेल तर त्याच दिवशी तेही विचारून घ्या.