उत्तर पाठवण्याआधी विषयाची ओळ बघा

आपल्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे एका पत्त्यावर पाठवलेली मेल सगळ्या सदस्यांना जाते अशा या गटात, नवीन आहात म्हणून सांगतो. नवा मुद्दा काढायचा असेल तर कुठलीतरी जुनी मेल उघडून 'रिप्लाय' दाबू नका, विषय बदलणार असलात तरीही. उत्तराच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबत जाणाऱ्या तांत्रिक माहितीत, 'इन-रिप्लाय-टू' (कुठल्या मेलला उत्तर आहे ते सांगणारी) नावाची नोंद लपलेली असते. तिच्यावरून बरेच मेल प्रोग्रॅम तुमचा प्रश्न त्या जुन्या चर्चेखालीच लावतात, आणि ती चर्चा ज्यांनी वाचणं सोडलंय त्यांना तो दिसतच नाही. मी सुरुवातीला हेच केलं आणि आठवडाभर उत्तराची वाट बघत बसलो. नवी मेल कोरीच उघडा.

विषयात नुसतं 'मदत हवी' लिहून कुणाला काय कळणार? 'पीडीएफमध्ये जोडाक्षरं तुटतात' असं लिहा. चालू चर्चाच भरकटली तर उत्तरात नवा विषय देऊन जुना कंसात ठेवा.

उत्तर देताना समोरच्याचं लागेल तेवढंच वाक्य ठेवा आणि त्याखाली लिहा. बाकीचं कापा, सह्यांची लांबलचक शेपटं तर आधी. संदर्भापुरताच मजकूर ठेवा, हे १९९५ च्या आरएफसी १८५५ या इंटरनेटवरच्या शिष्टाचाराच्या टिपणातही आहे, पण पाळतं कोण!

आणि 'धन्यवाद' सगळ्यांना कशाला? त्या एकालाच पाठवा. मात्र पाठवण्याआधी 'टू'मध्ये नक्की कोण आहे ते बघा.