साम्बुरू आणि मसाई मारात दिसलेला बिनशेपटीचा पक्षी एकच का?

केनियात आधी साम्बुरूला आणि मग मसाई मारात, बाभळीवर, पाठ राखाडी, पोट तांबूस आणि शेपूट जवळजवळ नाहीच असा चिमुकला पक्षी तुम्हाला दिसला. तो एकच की दोन वेगळे, असं तुम्ही विचारलंय.

बहुधा दोन वेगळे. दोघेही क्रॉम्बेक, म्हणजे आखूड शेपटीचे छोटे आफ्रिकी पक्षी. नाव चोचीवरून पडलंय: डच भाषेत ‘क्रोम’ म्हणजे वाकडा आणि ‘बेक’ म्हणजे चोच. साम्बुरूचा तो उत्तरी क्रॉम्बेक, सेनेगलपासून पूर्व आफ्रिकेपर्यंतच्या कोरड्या झुडपी पट्ट्यातला. माराचा तो तांबड्या चेहऱ्याचा. त्याला थोडी जास्त पावसाची, झाडीची जागा लागते. पण नुसत्या जागेवरून ठरवू नका, काही भागांत दोघेही सापडतात.

मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी नजर शेपटीवरच खिळली होती, आणि तिचा ओळखायला काहीच उपयोग नाही, कारण ती दोघांचीही तशीच आखूड. बघायचा तो चेहरा. उत्तरी क्रॉम्बेकच्या डोळ्यातून गडद रेघ जाते आणि तिच्यावर फिकट भुवई असते. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ही रेघ नसते, सगळा चेहरा सपाट तांबूस, त्यामुळे काळा डोळा एकटाच उठून दिसतो.

वागणं मात्र सारखंच. दोघेही फांद्यांवरून सरपटल्यासारखे सरकत सालीच्या भेगांतले किडे टिपतात. आपल्याकडचा, झाडाच्या खोडावर सरपटणारा शिलींध्री पक्षी आठवतो. आपल्या वटवट्याशी मात्र यांचं जवळचं नातं नाही. पूर्वी वटवट्यासारख्या अनेक पक्ष्यांना एकाच मोठ्या कुळात कोंबलं होतं. डीएनए तपासल्यावर क्रॉम्बेकना मॅक्रोस्फेनिडी या फक्त आफ्रिकेत आढळणाऱ्या कुळात हलवलं.

पुन्हा गेलात तर घरटं जरूर शोधा. कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेली, फांदीच्या टोकाला लोंबणारी पिशवी असते, एका बाजूने उघडी, खिशासारखी. लांबून वाळका कचरा अडकलाय असंच वाटतं. मला ते या पक्ष्याहूनही सुंदर वाटतं.

तूर्त तुमच्या फोटोत डोळ्याभोवतीचा भाग मोठा करून बघा. पक्षी बाजूने टिपला गेला असेल तर रेघ आहे की नाही ते लगेच कळेल.