गिरक्या नकोत, सूर मारा!

प्रश्न : जपानी विमानं इतकी चपळ होती, तर रंगूनवर ‘फ्लाइंग टायगर्स’नी ती पाडली कशी?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : चपळाईच्या नादी न लागता! दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४१मध्ये, ‘टायगर्स’ म्हणजे या अमेरिकी स्वयंसेवक वैमानिकांचं पी-४० हे लढाऊ विमान वळणांत साफ मागे पडायचं. म्हणून त्यांचे प्रमुख शेनॉल्ट यांची सक्त ताकीद होती : गिरक्या घेत झुंजू नका. शिवाजी पार्कावरची घार पाहा ना. उंचावरून झेप, वडापाव गायब. तसंच वरून सूर मारायचा, गोळ्या झाडायच्या, सटकायचं. वजनदार पी-४० सूर मारताना सापडत नसे. वैमानिकाच्या पाठीमागे चिलखती पत्राही होता. जपान्यांनी हलकेपणापायी तो टाळलेला.

आपल्यांचं नाव मात्र कुणी घेत नाही! फेब्रुवारी १९४२मध्ये भारतीय हवाई दलातल्या मजुमदारांच्या स्क्वाड्रन (तुकडी) क्रमांक १ने चक्क टेहळणीची संथ लायसँडर विमानं बॉम्ब लावून थायलंडमधल्या जपानी तळावर नेली.